रोजनामा काय म्हणतो?

चाचांविषयी मी लिहावं की नाही, हे अजून नीट ठरत नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. लिहिण्याची सवय नाही, आणि त्यांच्याशी मी पुरता खरा वागलो असंही नाही. तेव्हा आधीच माफी मागतो.

उजवा हात कानामागे धरायचा, समोरच्याचं अर्धंमुर्धं ऐकायचं आणि विचारायचं, "ते राहू दे. रोजनामा काय म्हणतो?" जालन्याला कोर्टाच्या फाटकाबाहेर कधी थांबला असाल, तर हा प्रश्न तुम्हीही ऐकला असेल. कोर्टाच्या कागदांच्या प्रती देणाऱ्या नक्कल विभागातून ते रिटायर झालेले. सगळे चाचा म्हणत. लोकांना वकिलांची बिलं तपासून द्यायचे. मोबदला एक चहा.

माझे वडील आष्टीच्या रस्त्यावर ट्रॅक्टरखाली गेले. भरपाई मंजूर झाली, तेव्हा वकिलाने आईच्या हातात खर्चाचा कागद ठेवला. तारखांची हजेरी, स्टँप, टायपिंग, किरकोळ. निम्मी भरपाई त्यातच जात होती, आणि माझं कॉलेज त्याच पैशांवर अवलंबून होतं.

चाचांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "माय, फी किती ठरल्ती? लिहून घेतलं का?"

"न्हाई. भला माणूस वाटला," आई म्हणाली.

"काय? मोठ्यानं!"

"भला माणूस वाटला!" आई ओरडली. चहावाला हसला.

"मंग भल्या माणसाची पावती कुठाय?"

त्यांनी मला नक्कलेचा अर्ज करायला लावला. रोजनामा म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं, शिपायाने नावाचा पुकारा केल्यावर कोण आलं, कोण नाही, याची नोंद. नक्कल मिळाल्यावर चाचांनी तो आणि बिल शेजारी ठेवलं. मी वाचायचो, ते पेन्सिलीने खूण करायचे. कुठे जज्जसाहेब रजेवर, कुठे वकीलच गैरहजर. पैसे मात्र सगळ्याच तारखांचे लावलेले. एक स्टँप तर दोनदा.

"बिलकुल भांडू नको. हा कागद समोर ठेव अन् नुसतं विचार."

वकिलाने अकरा तारखा मुकाट्याने खोडल्या. मी शिकतो आहे तो त्या अकरा तारखांवर.

पुढे सुट्टीत मी त्यांच्याजवळ जाऊन बसायचो. त्यांचा स्वतःचाही एक दावा चालू होता. भावाने बळकावलेल्या दोन खोल्या त्यांना मुलीसाठी हव्या होत्या. ती नवऱ्याचं घर सोडून आली होती. वकील म्हणजे त्यांच्या मेलेल्या दोस्ताचा मुलगा. रोज सलाम करून आत जायचा. "चाचा, तुम्ही आत गर्दीत कशाला येता? मी आहे ना."

एकदा त्यांच्या पिशवीतून त्याचं बिल खाली पडलं. या वर्षाच्या पाच तारखा होत्या. मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "चाचा, याचा रोजनामा?"

हात कानामागे गेला नाही. "हे न्हाई तपासायचं. पोरगा आहे माझा."

परतताना बसमध्ये मी मोबाईलवर कोर्टाच्या साइटवर त्यांचा दावा पाहिला. तो मागच्याच वर्षी काढून टाकलेला होता.

पुढच्या भेटीत सांगायचं ठरवून गेलो. पण त्यांना सांगायचं म्हणजे ओरडून सांगावं लागणार, चहावाल्यासमोर, सगळ्या पक्षकारांसमोर. तेवढंच निमित्त धरून मी गप्प बसलो. मग परीक्षा आली.

परवा त्यांच्या मुलीचा फोन आला. "अब्बा गेले, भाऊ. चार दिवस झाले. पिशवीत तुमच्या नावाचा लिफाफा निघाला."

मी तिला आतला कागद वाचायला सांगितलं. त्यांच्याच दाव्याच्या रोजनाम्याची नक्कल होती. नक्कल घेतल्याची तारीख मागच्या वर्षीची. म्हणजे माझ्याआधीच त्यांना ठाऊक होतं.

ती अडखळत वाचत गेली. "वादी व वकील गैरहजर. दावा काढून टाकला." मग थांबली. "खाली पेन्सिलीनं काहीतरी लिहिलंय. अब्बांचंच अक्षर आहे."

"वाच."

"वादी फाटकाबाहेर हजर होता. पुकारा ऐकू आला नाही."