क्रॉसच्या माळेतला काळा मणी

देवाचं सगळं करते मी, पण कोणी अंगात येण्याच्या, भानामतीच्या गोष्टी काढल्या की उठून भांडी घासायला जाते. चौथीपर्यंतच शिकले, तरी एवढी अक्कल आहे. म्हणूनच हे लिहायला मला वर्ष लागलं. मुलगी म्हणते, "आई, ग्रुपवर टाकूया, लोक वाचतात असलं." मी म्हटलं, आधी वहीत तर लिहू दे...

आम्ही घाटकोपरला भटवाडीत राहतो. मी मंगळसूत्रं, मोत्यांच्या माळा ओवून देते. काम प्रवीणभाईंच्या दुकानातून येतं. त्यांनी एकदा मोत्यांच्या माळेतला एक क्रॉस आणला. सोन्याचा, लाल खड्यांचा, मागे रंगीत मीनाकामाची फुलं. वाकोल्याच्या एका ख्रिश्चन आंटींचा होता, लिलावात जाणार होता.

"खूप जुना आहे का हो?"

"जुन्याची नक्कल आहे, सुनंदाबेन. पण नक्कल करणारेही कधीच गेले, म्हणून आता नक्कलच जुनी झाली!" भाई हसले. मग म्हणाले, "माळेचा दोरा कुजलाय, नवीन घाला. मोती तेच, तेवढेच. आंटीने दोनदा ऐनवेळी क्रॉस परत घेतलाय. या वेळी लिलाववाल्यांना शब्द मी दिलाय."

दुपारी खिडकीत बसून माळ ओवली. संध्याकाळी भाई घेऊन गेले.

आठ दिवसांनी मुलीने लिलावाच्या जाहिरातीतला क्रॉसचा फोटो मोबाईलवर दाखवला. मी म्हटलं, मोठा कर जरा. हुकाजवळ, शेवटच्या मोत्यामागे... एक काळा मणी.

मंगळसूत्राची सवय! हुकाशी पोचले की बोटं आपोआप काळ्या मण्याकडे जातात.

"वाट लागली," मुलगी म्हणाली. "क्रॉसला काळा मणी? आई, तू पण ना!"

पण माळ ओवली त्या दिवशी घरात काळा मणी नव्हताच. जाऊबाई आदल्याच दिवशी काळ्या मण्यांचा डबा चेंबूरला, त्यांच्या घरी घेऊन गेल्या होत्या. फोन केला, तर म्हणाल्या, "सगळा डबा इथेच आहे गं, का?"

रात्रभर डोळा लागला नाही. माझ्यामुळे भाईंचा शब्द जाणार होता. फोनवर मला बोलता येत नाही, शब्द अडकतात. सकाळी दुकानात जाऊन सांगितलं. भाईंनी लगेच रिक्षा केली, सरळ वाकोला.

आंटींच्या दारातच मी एका दमात सांगून टाकलं, "माझं चुकलं आंटी. मी जाऊन मणी काढून देते. भाईंना काही बोलू नका."

आंटी आत गेल्या आणि एक फोटो घेऊन आल्या. त्यांच्या आजीच्या लग्नातला. गळ्यात तोच क्रॉस. मान वळलेली, आणि हुकापाशी, शेवटच्या मोत्यामागे, काळा मणी.

"नजर लागू नये म्हणून आजीच्या सासूने घातलेला," त्या म्हणाल्या. "माझ्या आईकडून हरवला. घरची वस्तू अर्धी केलीस, असे बोल तिने जन्मभर ऐकले. मला कशी देववेल अर्धी वस्तू दुसऱ्याला?" मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "तुला कोणी सांगितलं गं?"

"कोणी नाही."

"ह्या प्रवीणने?"

"आईची शपथ आंटी, मलाच आत्ता कळतंय!" भाई म्हणाले.

आंटी खुर्चीत बसल्या. फोटोवरून बोट फिरवत राहिल्या. "मुलं परदेशात, इथे कोण घालणार? आता जाऊ दे त्याला. मण्यासकट."

भाईंनी तिथूनच लिलाववाल्यांना फोन लावला... मणी काढू नका.

लिलावाच्या दिवशी आंटींनी मला मुद्दाम बोलावलं. क्रॉस गेला तेव्हा त्या रडल्या नाहीत. गरम गरम फुगे, म्हणजे त्यांच्याकडचे मैद्याचे गोळे, तळून मला वाढले, स्वतःही पोटभर खाल्ले.

मुलगी म्हणते, मणी जुन्या दोऱ्यातच असेल. पण मी मोती एकेक करून धुतले होते, पांढऱ्या ताटात वाळत ठेवले होते. काळा असता तर दिसला नसता? मला काही सांगता येत नाही... मन मात्र शांत आहे. आंटी अजून भेटल्या की विचारतात, "खरं सांग, तूच घातलास ना?"

मी म्हणते, हात माझेच होते आंटी, एवढंच मला माहीत.