मनकर्णाबाईंची वजनवही

वालूरजवळच्या ज्वारी संशोधन केंद्रावर मनकर्णाबाई १९७९ साली खुरपणीला लागल्या. त्या सातवी पास आहेत हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षी ऐन कापणीत वजनं लिहिणारा कारकून आजारी पडला आणि बाईंनी वही हातात घेतली. तेव्हाचे शास्त्रज्ञ गोविंदराव त्यांचं अक्षर बघून म्हणाले, "आता ही वही तुमचीच." त्या दिवशी बाईंच्या हातचं खुरपं सुटलं. सोबतच्या बाया त्यांना 'मास्तरीन' म्हणून चिडवायच्या, पण वजन वाचताना त्यांच्या मध्ये कोणी बोलायचं नाही.

शेतात दहा पट्टे होते, एका पट्ट्यात बारा प्लॉट. प्रत्येक प्लॉटमध्ये ज्वारीचं वेगळं वाण. कोणतं वाण कुठं पेरलं याचा नकाशा साहेबांकडे असायचा आणि तो दरवर्षी बदलायचा. बाईंनी प्लॉटमधली कणसं पोत्यात भरून काट्याला लटकवायची आणि आकडा लिहायचा. पहिला पट्टा त्या पश्चिमेकडून पूर्वेला लिहीत जायच्या. टोकाच्या धुऱ्यावर पोचल्या की दुसरा पट्टा तिथूनच उलटा, पूर्वेकडून पश्चिमेला. औत वळतं तसं. काटा खांद्यावर घेऊन पुन्हा पहिल्या टोकाला जायचं आणि तिथून सुरुवात करायची, असं शेतात कोणी करत नाही. हे लिहून ठेवायची गोष्ट आहे असं बाईंना वाटलं नाही. गोविंदरावांना ते ठाऊक होतं. सरासरी काढताना ते एकाआड एक पट्टा उलटा धरायचे, पण त्यांनीही ते कुठं लिहून ठेवलं नाही.

ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी दत्तराव आले. १९८८ साली केंद्राच्या परभणीच्या कार्यालयात कॉम्प्युटर बसला. दत्तरावांनी बाईंच्या आठ वर्षांच्या वह्या आणि त्या त्या वर्षांचे नकाशे तिकडे पाठवले. महिन्याने उत्तर आलं: या आकड्यांवरून कोणत्याच वाणाबद्दल काहीही सांगता येत नाही.

दत्तरावांनी बाईंना बोलावलं. "खरं सांगा बाई, ही वजनं घरी चुलीपुढं बसून लिहिली का?"

"चुलीपुढं बसून लिहिली असती तर सरळ जुळणारी लिहिली असती की साहेब. चुकीचं कशाला लिहीन?"

"मशीनला खोटं बोलता येत नाही."

"मलाबी येत न्हाई."

दत्तरावांनी वह्या बाजूला सरकवल्या. "या रद्द करतो. यंदापासून वजनं दुसरं कोणी लिहील. तुम्ही खुरपणीला जा."

बाई जागच्या हलल्या नाहीत. "जाते. पण त्या मशीननं काय बघितलं ते एकदा मला दावा."

त्या आठवड्यात नामांतराच्या प्रश्नावर बंद होता, एसटी दोन दिवस निघाली नाही. तिसऱ्या दिवशी दोघं परभणीला पोचले. खोलीबाहेर चपला काढायला लागल्या. आत पडदे ओढलेले होते, कूलर चालू होता आणि टेबलावर टीव्हीसारखी पेटी होती. पेटीपुढं बसलेल्या विमलाताईंनी दोन-चार बटणं दाबली. शेजारचं यंत्र करकर करत कडेला भोकं असलेला लांब कागद बाहेर टाकू लागलं. दहा ओळी, प्रत्येकीत बारा आकडे. एका वर्षाचं अख्खं शेत.

बाई खाली बसल्या, कागद फरशीवर पसरला आणि बोट फिरवू लागल्या. दुसऱ्या ओळीवर बोट थांबलं.

"ह्यो मुरूम इकडं कसा आला?"

"कुठला मुरूम?" दत्तरावांनी विचारलं.

"उगवतीच्या कोपऱ्यात मुरूम हाय साहेब. तिथं कोणतंच वाण गुडघ्याच्या वर जात न्हाई. ह्या कागदात एका ओळीत ते हलकं वजन उगवतीला हाय, अन् खालच्या ओळीत मावळतीला. पुन्हा उगवतीला, पुन्हा मावळतीला. मुरूम काय चालायलाय का?" मग त्यांनी बोट एका ओळीवरून पुढं नेलं आणि खालच्या ओळीवरून उलटं परत आणलं. त्या म्हणाल्या, "म्या येताना लिवलेलं यांनी जाताना वाचलं."

दत्तराव फरशीवर त्यांच्या शेजारी बसले. त्यांना समजायला वेळ लागला नाही.

"आता आठ वर्षांचं पुन्हा टाइप करायचं म्हंजे मुक्काम पडंल," बाई विमलाताईंना म्हणाल्या.

"नाही हो. एकाआड एक ओळ उलटी वाच, एवढंच त्याला सांगते."

कूलरच्या आवाजात काही क्षण गेले, तेवढेच. यंत्र पुन्हा करकरलं. या वेळी प्रत्येक प्लॉटची आठही वर्षांची सरासरी एका कागदावर आली. जिथं वजन कमी तिथं फुली. मुरमाचा कोपरा फुल्यांनी भरला होता, जिथं असायला हवा तिथंच. दुसऱ्या कागदावर वाणांची यादी होती. सत्तावीस नंबरचं वाण आठपैकी एकाही वर्षी फार वर गेलं नव्हतं आणि एकाही वर्षी पडलं नव्हतं. बाईंनी ते आठ वेळा तोललं होतं, पण ते कधी त्यांच्या डोळ्यांत भरलं नव्हतं.

बाई मात्र फुल्यांच्याच कागदाकडे बघत होत्या. फुल्यांची एक बारीक तिरकी रेघ पहिल्या पट्ट्यातल्या चौथ्या प्लॉटपासून शेवटच्या पट्ट्यातल्या नवव्यापर्यंत गेली होती. अशी रेघ शेतात त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"सासरे म्हणायचे, केंद्र व्हायच्या आधी सेलूची गाडवाट इथूनच जायची," त्या म्हणाल्या. "तिच्यावर नांगर फिरला त्याला किती वर्सं झाली. मी रोज तिथं चालते. माझ्या पायाला कळली न्हाई, अन् ह्याला इथं बसून कशी कळली?"

"त्याला नाही कळली," विमलाताई म्हणाल्या. "तुमच्या आकड्यांतच होती."

बाईंना ते पटलं नसावं. त्या पेटीकडे लांबूनच बघत राहिल्या, हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तराव पहार घेऊन शेतात आले. कागद बघत बाईंनी पाचव्या पट्ट्यातला सहावा प्लॉट दाखवला. तिथली माती इतर मातीसारखीच काळी होती. पहार वीतभर सहज गेली आणि मग ठण्णकन थांबली. चार पावलं बाजूला तीच पहार कोपरभर आत गेली. पुन्हा रेघेवर मारली, पुन्हा वीतभरावर थांबली.

दत्तरावांनी पिशवीतून यंदाची कोरी वजनवही काढली आणि बाईंपुढं धरली.

"लिहा," ते म्हणाले. "आणि कुठून कुठं चाललात, ते आधी लिहा."