कोलंबोला गेलेली पुरचुंडी

मॅनेजरनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला आणि विचारलं, "लहानूभाऊ, हे आपलंच ना?"

फोटोत पांढरं टेबल होतं. त्यावर काळ्या फडक्याची पुरचुंडी उघडून ठेवलेली. आत देठासकट लाल मिरच्या, खडेमीठ, मोहरी आणि एक बिब्बा. बाजूला कोणीतरी फूटपट्टी ठेवली होती, जसा काही विंचू सापडला. फोटो कोलंबोच्या बंदरातून आला होता. आमचा मिरचीचा कंटेनर तिथे अडकला होता.

मी मूल गावाजवळच्या एका मिरची सातऱ्यावर मुकादम आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, म्हणून साधंच सांगतो. सातरा म्हणजे मोकळी जागा. तिथे मिरची पसरतात आणि बाया ओळीनं बसून देठ खुडतात. फटकी, म्हणजे पांढरी पडलेली मिरची, वेगळी काढतात. दिवसभर ठसका, संध्याकाळी हातांची आग. तेल चोळलं तरी घरी गेल्यावर लेकराच्या तोंडाला हात लावता येत नाही. ही बिनदेठाची मिरची आधी नागपूरला जायची. यंदा आमच्या मालकाला, रज्जाकशेठला, ती श्रीलंकेला पाठवायची होती.

हे खूळ त्याला मॅनेजरनं लावलं. मॅनेजरचं नाव निखिल. पोरगा वाईट नाही, पण बोलायला लागला की पडद्यावर नकाशा दिसल्यासारखं वाटतं. जिल्ह्याच्या गावी एक सभा झाली, तिथे मलाही नेलं. एका साहेबानं सांगितलं की आशियातले देश आता एकमेकांचाच शेतमाल घेणार, सारा खंड म्हणजे एक घर. टाळ्या पडल्या. जेवणात पनीर होतं, त्यात मिरची नावाला नव्हती. मिरचीच्या व्यापाराची सभा, आणि जेवण आजाऱ्याचं.

मग सातऱ्यावर कंटेनर आला, भरून गेला. माल बाहेर देशात जायचा तर सरकारी दाखला लागतो, त्याला हे लोक फायटो म्हणतात. या मालात कीड नाही, माती नाही, दुसऱ्या झाडाचं बी नाही, असं त्यात लिहिलेलं असतं. आता मोहरी म्हणजे बीच. बिब्बाही बीच. कोलंबोच्या साहेबानं शेवटचं पोतं उचललं आणि खाली दुसऱ्या झाडाचं बी निघालं, तेही फडक्यात नीट बांधून.

"इंग्रजीत काय लिहू आता?" निखिल घामाघूम झाला होता. "नजर लागू नये म्हणून ठेवलं, असं लिहू?"

"खरं थेच हाय."

"भाऊ, हा इंटरनॅशनल ट्रेड आहे!"

"मग खोटं लिही. तुले येते थे."

त्यानं लिहिलं की हे पॅकिंगचं पारंपरिक साहित्य आहे. वाचून कोलंबोच्या त्याच साहेबानं थेट फोनच केला. तो मोडक्या हिंदीत बोलत होता. स्पीकर चालू होता, म्हणून मीही ऐकलं. तो म्हणाला, "हमारे घर में भी मिर्ची उतारते हैं, साहब. लेकिन दूसरे के माल में नहीं डालते." सारा खंड एक घर आहे, हे एवढ्यापुरतं मला पटलं. कंटेनर रिकामा करणार, एकेक पोतं उघडणार, पुन्हा औषधाची धुरी देणार आणि हा सगळा खर्च शेठच्या माथी मारणार, हेही त्यानं त्याच दमात सांगितलं.

शेठ खुर्चीतून उठला. "कोनं ठेवली थे? लहानूभाऊ, मले नाव पाह्यजे. आजच्या आज त्या बाईले घरी पाठवतो. नाव नाई भेटलं तं पह्यली ओळच्या ओळ बंद."

पहिल्या ओळीत बसतात त्या साऱ्या बाया जुन्या, असलं काही त्याच करणार हे शेठला ठाऊक. उन्हाळ्यात आमच्याकडे दुसरं काम नसतं. धान निघून गेलेलं, तेंदूपत्त्याला अवकाश. सातऱ्याचं काम सुटलं म्हणजे घरात बसा आणि भिंतीकडे पाहा.

मी बाहेर आलो. विचारायची गरजच पडली नाही. पार्वता मिरची सोडून उभीच होती. नवरा गेलेली बाई, पदरात दोन पोरी.

"भाऊ, मीच ठेवली जी."

"आतमंधी काऊन ठेवली, बाई? समोर बांधाची ना, पह्यल्यासारखी."

"डायवर बांधू देत नोयता. म्हने, नव्या ट्रेलरले कचरा नाई लावाचा. मंग कसं कराचं? शेवंताबाई असती तं तिनं त्याले दोन शिव्या देऊन बांधलीच असती. मले शिव्या देता नाई येत. म्हनून शेवटच्या पोत्याखाली सरकवून देली. दर्या पार कराचा होता ना मालाले."

शेवंता माझी बायको. ती दिवाळीच्या आधी गेली. ती असेपर्यंत या सातऱ्यावरून एक गाडी तशीच गेली नाही. माल भरला की ती मिरच्या, मीठ, मोहरी ओवाळायची, बिब्बा घालून पुरचुंडी करायची आणि बंपरला बांधायची. शेठ तिला हसायचा आणि बांधून होईपर्यंत गाडीही सोडायचा नाही. मी मात्र रोज म्हणायचो, पुरे कर आता, उशीर होऊन राह्यला. आता उशीर होत नाही. गाड्या वेळेवर सुटतात. काय करायचं त्या वेळेचं, ते कोणी सांगत नाही.

मी परत ऑफिसात गेलो.

"भेटलं नाव?" शेठनं विचारलं.

"भेटलं. शेवंता."

शेठनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या मातीला तो स्वतः आला होता.

निखिलनं लॅपटॉपात पाहिलं. "शेवंता नावाची कोणी नाही आपल्या हजेरीत."

"तू इथं कामाले याच्या आधी होती थे. काम तिचंच हाय, पद्धतबी तिचीच हाय. शेठ, तिले घरी पाठवाचं असन तं पाठवा."

"लहानूभाऊ, तुमी मले बनवून राह्यले."

"हो."

शेठ खाली बसला. त्यानं पेनाची दोनदा उघडझाप केली. मग निखिललाच खेकसला, "बघतं काय? लिही त्याईले, खर्च आमी देतो. आन् त्या ट्रेलरवाल्याले फोन लाव. पुरचुंडी बांधू दिली असती तं हे झालं असतं का?"

कंटेनर सुटला. मिरची विकली गेली. भाव उतरला होता, त्याचं खापर निखिलनं बाजारावर फोडलं. पुढच्या सभेत त्यानं पुरचुंडीचा फोटो पडद्यावर लावला आणि गावपातळीवरच्या अडचणींवर अर्धा तास बोलला म्हणे. मला नेलं नाही. चांगलं झालं, पनीर वाचलं. मालात काही टाकू नका, असा सातऱ्यावर एक इंग्रजी बोर्ड आला. तो वाचू शकतो एकटा निखिल, आणि त्याच्याकडून काही धोका नाही.

एवढ्या खटाटोपातून आम्ही शिकलो ते इतकंच: नजर उतरवायची तर कंटेनरला सील लागल्यावर उतरवायची, आणि मिरच्या मालात न टाकता विस्तवात टाकायच्या.

दुसरा कंटेनर भरला तेव्हा ते काम पार्वतानं केलं. तिनं ओवाळून मिरच्या शेगडीत टाकल्या. असा खकाणा उठला की निखिल फाइल तोंडावर धरून रस्त्यापर्यंत पळाला. बाया खोकत खोकत खूश झाल्या. ठसका आला म्हणजे मालाला कोणाची नजर नाही, असं आमच्याकडे धरतात. शेठही डोळे पुसत होता. मीही पुसले. सातऱ्यावर हे एक बरं आहे, माणसाच्या डोळ्यांत पाणी का आलं, ते कोणी विचारत नाही.