वळणावरचा हॉर्न

भुताखेतांवर विश्वास ठेवायला जरा उसंत लागते, आणि ती मला कधी मिळालीच नाही. मी जनावरांची डॉक्टर. कराडहून आमची दवाखान्याची व्हॅन निघते, ती सातारा-सांगलीतल्या प्राण्यांच्या शेल्टरना फिरते. खरूज, गोचीड, नसबंदी, मोडलेले पाय... घरी आल्यावर चपला काढायचंही जिवावर येतं. तेव्हा हे रंगवून सांगत नाहीये, तेवढं त्राणच नाही.

कडेगावजवळ सुमनआक्का एकट्या कुत्र्यांचं शेल्टर चालवतात. कुंपण नाही, त्यामुळे दुपारी कुत्री शेजारच्या उसात गारव्याला झोपतात. मला बघितलं की पसार! म्हणून आमचे ड्रायव्हर याकूबभाई अलीकडच्या वळणावरच हॉर्न द्यायचे – दोन आखूड, एक लांब. तो ऐकला की सगळी धावत अंगणात, कारण भाईंच्या खिशात बिस्किटं असायची. तेवढ्यात आक्का त्यांना बांधून घ्यायच्या. बिस्किटं त्यांची, सुया माझ्या. बदनाम मी एकटी!

गेल्या हिवाळ्यात याकूबभाई गेले. नव्या ड्रायव्हरला, प्रवीणला, मी त्या हॉर्नचं सांगितलंच नाही. जीभच रेटली नाही.

ऊसतोडीच्या दिवसांत एकदा आक्कांकडे जायचं होतं, पण व्हॅन कराडच्या गॅरेजमध्ये अडकली. बॅटरी काढून फरशीवर ठेवलेली, मी शेजारी स्टुलावर पेंगत बसलेली. तेवढ्यात आक्कांचा फोन आला.

"आवं मॅडम, कुठवर आलासा? हॉर्न ऐकला, समदी बांधून घेतली."

"आक्का, आम्ही कराडातच आहोत. दुसरी गाडी असेल. सोडा त्यांना."

"असूं द्या. भाकरी घालते, मग सोडते."

थोड्या वेळानं पुन्हा फोन. आक्का रडत होत्या. शेजाऱ्यानं उसाचा फड पेटवला होता. तोड सोपी जावी म्हणून पाला जाळतात, पण पेटवायच्या आधी तो आक्कांना हमखास निरोप द्यायचा. नेमका त्या दिवशी राहिला. त्याच फडात सोनी झोपायची. तिचा एक पाय मीच ऑपरेशन करून काढला होता. आगीच्या पुढे ती कुठली पळणार!

"ट्रॅक्टरचा हॉर्न असेल आक्का," मी म्हटलं.

"ट्रॅक्टरचा मला कळत न्हाई व्हय? आन् मी हाका कुठं मारल्या? आपल्याआप आली की समदी उसातनं. सोनी लंगडत शेवटाला. वळणाकडं बघून शेपूट हलवत हुती."

मी तिथेच गॅरेजमध्ये रडले. भाई गेले तेव्हाही एवढी रडले नव्हते.

योगायोग म्हणा. मीही म्हणून पाहिलं, पण कुत्र्यांना कसला योगायोग? खरं सांगू, उत्तर शोधायचा आता कंटाळा आलाय.

पुढच्या फेरीला प्रवीणला सगळं सांगितलं. शेल्टरवर पोचल्यावर तो म्हणाला, "आक्का, आता मी तसाच हॉर्न देत जातो की."

आक्कांनी सोनीला जवळ ओढलं.

"नगं रं बाबा. तू बी वाजवाय लागलास, तर त्यो आल्याला ह्यास्नी कळायचं कसं?"