पाडव्याला न्हालेला ट्रॅक्टर

आमच्या गोठ्यातले शेवटचे बैल गेले आणि त्यांच्या जागी कणकवलीहून एक जुना लाल ट्रॅक्टर आला, तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई आणि अकलेने साधारण रेडकाएवढी होते. नातवंडं विचारतात, "आजी, तू तेव्हा कशी होतीस?" मी सांगते, "दिसायला बरी." बाकीचं त्यांना सांगत नाही. ते इथे लिहिते.

ट्रॅक्टर चालवायला मी हट्टाने शिकले. नवऱ्याला गिअर बदलणं आणि समोर बघणं ही दोन कामं एकाच वेळी जमत नव्हती, त्यामुळे फारशी चुरस झाली नाही. वाडीत दुसरी कुठली बाई ट्रॅक्टर चालवत नव्हती, आणि ही गोष्ट कुणाच्या नजरेतून सुटू नये याची मी पुरेपूर काळजी घ्यायची. कोथिंबिरीची जुडी आणायची तरी ट्रॅक्टर काढायची. केसांत आबोलीचा वळेसर, पायात रबरी चपला आणि तोंडावर असा भाव, की जणू दिल्लीला निघालेय.

मग दिवाळीचा पाडवा आला. पाडव्याला आमच्याकडे गुरांना न्हाऊमाखू घालतात, माळा घालतात, गोडाधोडाचा घास देतात. बैल तर नव्हते. मला वाटलं, ट्रॅक्टर काय परका आहे? मी तो सरळ व्हाळात उतरवला, पोटापर्यंत पाणी लागेल अशा जागी उभा केला आणि नारळाच्या सोडणाने घासघासून न्हाऊ घातला. काठावरून सासू ओरडली, "अगो, त्येका सर्दी होयत!" मी म्हटलं, "आये, लोखंडाक खंयची सर्दी?" मग झेंडूची माळ धुराड्याला बांधली, ती करपली. बॉनेटवर घावणे ठेवले, ते कावळ्याने नेले. न्हालेला ट्रॅक्टर मी तसाच ओला मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपटात, नेऊन ठेवला, वर माडाची झापं घातली आणि महिनाभर त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

वायंगणीच्या, म्हणजे उन्हाळी भातासाठी मळा नांगरायची वेळ आली तेव्हा सासूचं म्हणणं खरं ठरलं. इंजिन सुरू झालं, पण गिअर पडेना. पेडल दाबावं तर नुसती करकर. नवऱ्याने मेकॅनिक बोलावला. तो मोटरसायकलवरून आला, चहा प्याला, पेडल दोनदा दाबून बघितलं आणि म्हणाला, "वैनी, आत पाणी गेला. क्लचची प्लेट गंजान चिकाटली. ट्रॅक्टर मधोमध खोलूक लागतलो."

"दुसरा काय नाय?"

"गिअरात ठेवनच चालू करा. क्लच दाबून धरा नि ब्रेकाचे धक्के देवा. सुटली तर सुटली. पण चालू झाल्याबरोबर तो धावतलो हां, थांबाचो नाय."

ट्रॅक्टर खूप दिवस उभा ठेवायचा असेल तर पेडल दाबून मध्ये दांडका अडकवावा, म्हणजे प्लेट चिकटत नाही, हेही त्यानेच सांगितलं. आता आमच्या मांगरात खास त्यासाठी फणसाचा दांडका आहे. पण ही अक्कल पुढची.

नवरा म्हणाला, "खोलूचो नाय नि धक्केय देवचे नाय. देवगडचे भाऊजी कधीपासून मागतत, तेंच्या कलमांक टाकीतून पाणी नेवक. आयतवारी येवन घेवन जावंदेत. ते बघतले खोलूचा."

ट्रॅक्टर देवगडला गेला की मी परत कोथिंबिरीला चालत जाणार होते! शनिवारी दुपारी नवरा बाजारात गेला, तशी मी मांगरातली झापं काढली.

सासू म्हणाली, "थांब, आधी गाऱ्हाणा घालूया." देवाला गाऱ्हाणं घालायचं काम खरं तर गावच्या मानकऱ्याचं, गावकाराचं, पण गावकार जेवून झोपला होता. मग ती स्वतःच नारळ घेऊन कापणी झालेल्या कुणग्याच्या, म्हणजे भाताच्या वाफ्याच्या, मेरेवर बांधाकडेला उभी राहिली. शेजारच्या चार बायका जमल्या. त्यांना फुकटची जत्रा.

मी गिअर टाकून किल्ली फिरवली. ट्रॅक्टरने एक उडी मारली आणि मला घेऊन सुटला. बंद करायची दांडी होती, पण बॅटरी अशी मरायला टेकलेली की एकदा बंद केला तर तो थेट देवगडलाच चालू झाला असता. म्हणून मी क्लच दाबून कुणग्यात गोल फिरत राहिले.

मेरेवरून सासूचा खणखणीत आवाज आला, "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बायका ओरडल्या.

"ह्या माझ्या सुनेन अक्कल नसताना ट्रॅक्टर न्हाणयल्यान..."

"व्हय म्हाराजा!" हे जरा जास्तच मोठ्याने झालं.

मी दुसऱ्या फेरीला जवळून जाताना ओरडले, "आये, माजा नाव कित्याक घेतास?"

"देवाक खरा सांगूक लागता गो! तू फुडे बघ!"

मी पुढे बघितलं. ब्रेकचा धक्का दिला. क्लच ढिम्म. पुन्हा दिला. माझा वळेसर सुटला, क्लच नाही. ट्रॅक्टरला ब्रेकची पेडलं दोन असतात, प्रत्येक मागच्या चाकाला एक. दोन्ही चाकं एकदम थांबवायची तर ती पट्टीने जोडावी लागतात. दिल्लीला निघालेल्या बाईने पट्टी लावलीच नव्हती. तिसऱ्यांदा मी त्वेषाने ब्रेकवर उभी राहिले, पण एकाच पेडलावर. एक चाक थांबलं, दुसरं नाही. ट्रॅक्टरने गर्रकन गिरकी घेतली आणि तो बॉनेटासकट गवताच्या उडवीत घुसला.

पुढचं तोंड रुतलं, मागची चाकं माती उडवत राहिली. माझा पाय क्लचवर तसाच, डोळ्यांत गवत, तोंडात गवत. आणि ट्रॅक्टरच्या पोटातून कुठूनतरी आवाज आला, खाट्! चाकं थांबली. इंजिन मात्र चालू.

उडवीच्या पलीकडून सासूचं अजून चालूच होतं, "...वाकडा झाला आसात ता सरळ करून घे रे म्हाराजा!"

"सुटला!" मी किंचाळले. "आये, क्लच सुटला!"

"मगे! गाऱ्हाणा कोणी घातला?"

मी पेडल दाबलं, गिअर बदलला. करकर नाही, काही नाही, लोण्यासारखा पडला. ट्रॅक्टर मागे घेतला आणि वळले, तर समोर नवरा. एका हातात बाजाराची पिशवी, दुसऱ्या हाताने मोबाइल कानाला लावलेला. मी ट्रॅक्टर त्याच्या पोटापासून वीतभर अंतरावर आणून क्लच दाबून थांबवला. मुद्दाम.

त्याने उडवीकडे बघितलं, माझ्या केसांकडे बघितलं आणि फोनमध्ये म्हणाला, "भाऊजी, उद्या येव नकात... नाय, सुटलो... देवक हरकत नाय ओ, पण वांगडा माजी बायल येतली. ती काय खाली उतराची नाय."

फोन पलीकडून लगेच बंद झाला.

मी खरंच उतरले नाही. सांज होईपर्यंत त्याच कुणग्यात बसून क्लच दाबत आणि सोडत राहिले, दाबत आणि सोडत. शेवटी सासू विखुरलेलं गवत गोळा करता करता कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अगो, उतर आता! आज सुटलो तो आजच झिजवतंस काय?"