तीन बाळांच्या मेणाच्या वड्या

"सापडल्या का?" डॉ. प्रेमिला खरे यांनी त्या दिवशी पाचव्यांदा विचारलं, तेव्हा सिंधूताई रामटेके स्टुलावरून खाली उतरल्या.

"मॅडम, सापडल्या असत्या तर मी इथं धूळ काहून खात बसली असती?"

१९७९ चा मे महिना होता. नागपुरातल्या एका सरकारी दवाखान्यात सिंधूताई वीस वर्षांपासून पॅथॉलॉजीच्या तंत्रज्ञ होत्या. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा मेणाच्या वडीत बसवायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचा, रंगवून काचेवर डॉक्टरांच्या हाती द्यायचा. काप जाड निघाला तर त्या स्वतःवर चिडत. एरवी इतरांवर.

मॅडमना तान्ह्या बाळांच्या जबड्यातल्या एका गाठीचा अभ्यास करायचा होता. चार-सहा महिन्यांच्या बाळाच्या वरच्या हिरडीत निळसर-काळी गाठ येते, भराभर वाढते. इतकी दुर्मीळ की पंधरा वर्षांत विभागात तीनच नोंदी. शरीराचा पहारा करणाऱ्या पांढऱ्या पेशी त्या गाठीत शिरतात का, आणि जिथे जास्त शिरतात तिथे गाठ पुन्हा उगवत नाही का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी त्या तीन बाळांच्या वड्या हव्या होत्या. वड्या होत्या मागच्या पत्र्याच्या खोलीत.

"गणपतराव, पत्र्याखाली मेण काहून ठेवलं गा?" सिंधूताईंनी सामान सांभाळणाऱ्या गणपतरावांना विचारलं.

"आत मोठ्या साहेबांचं कपाट आलं नं, ताई."

वड्या मऊ पडून एकमेकींना चिकटल्या होत्या. सिंधूताईंनी चाकूच्या पात्यानं एकेक सोडवली, नंबराच्या चिठ्ठ्या भिंगातून वाचल्या. दोन वड्या आठवड्यात निघाल्या. तिसरी 'जुने बल्ब' लिहिलेल्या बिस्किटांच्या डब्यात सापडली तेव्हा जून लागला होता.

पुढचा ताप निराळा. वडी गार ठेवायला बर्फ आणावा, तर तो वाटेतच अर्धा वितळायचा. काप काढावा, तर मॅडम काच परत पाठवायच्या. "सुरकुती आहे, सिंधूताई. पेशी मोजता येत नाहीत."

तिसऱ्यांदा मात्र मॅडमनी तिन्ही बाळांच्या काचा ठेवून घेतल्या. पहिल्या दोन गाठींत बारीक गोल निळ्या ठिपक्यांची, म्हणजे रंगवलेल्या पांढऱ्या पेशींची, गर्दी होती. तिसरीत जवळपास काहीच नाही.

"म्हणजे या मुलीची गाठ परत आली असणार," मॅडम म्हणाल्या.

पहिली दोन मुलं बरी असल्याचं पत्रांतून कळलं. तिसरी काटोलजवळच्या खेड्यातली. तिच्या घरी तीन कार्डं गेली, उत्तर एकाचंही नाही. डिसेंबरातल्या एका रविवारी सिंधूताईंनी चिडून एसटी धरली.

मुलीची आई यमुताई संत्र्यांच्या ढिगापाशी फळं निवडत बसली होती.

"तीन कार्डं टाकले. उत्तर काहून नाही दिलं वं?"

"तपासाले या म्हणून लिहिलं होतं," यमुताई म्हणाली. "तपासलं का कायीतरी निघतेच. आठ वर्सं झाले, कायी नाही झालं. मंग कायले जा?"

"अन् झालं असतं तर?"

"तर आली असती."

तेवढ्यात मुलगी आली. सत्यवती, आठ वर्षांची. सिंधूताईंनी तिचा ओठ वर करून पाहिलं. गाठीसोबत गेलेले पुढचे दोन दात आलेच नव्हते, हिरडी मात्र स्वच्छ, गुलाबी. त्या बाजेवर बसल्या आणि समोर ठेवलेलं संत्रं न सोलता हातात धरून राहिल्या.

सोमवारी मॅडम म्हणाल्या, "पण हिच्या गाठीत तर पेशी नव्हत्या! मग परत कशी नाही आली?"

"सर्जननं मुळापासून काढली असंल."

"तीन बाळांवरून काहीच सिद्ध होत नाही. आणखी केसेस येईपर्यंत थांबू या."

"म्हणजे आणखी बाळांना गाठ व्हायची वाट पाहायची?" सिंधूताई म्हणाल्या. "माझ्यानं नाही होणार ते, मॅडम."

मॅडमनी वही मिटली. त्या अभ्यासाचा लेख काही लिहिला गेला नाही.

जानेवारीत यमुताई मात्र लेकीला घेऊन आली. कार्डाला मान देऊन नव्हे; शाळेत पोरं 'बोळकी' म्हणून चिडवत होती, म्हणून दात बसवायला. दातांच्या विभागातल्या रांगेतून ती प्रयोगशाळेच्या दारात आली. सिंधूताईंनी कपाटातून काच काढली आणि यमुताईला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं.

"हे काळं काळं काय होय?"

"तेच तं तुझ्या पोरीची गाठ. हे बारीक निळे ठिपके दिसतात? ते आपल्या अंगातले पहारेकरी."

यमुताईनं बराच वेळ डोळा लावून ठेवला. "इतले कमी? मंग वाचली कशी?"

"सात महिने तेच तं शोधून राहिलो बाई आम्ही," सिंधूताई वैतागून म्हणाल्या आणि सत्यवतीचा हात धरून तिला रांगेत पुढे न्यायला निघाल्या.