मंगलबाई आणि बारमाही डास

चहाला बसलो की कुणीतरी म्हणतंच, "मंगलबाईंचं सांग की." मी हिवताप पथकाची जीप चालवतो, शिरूर आणि दौंड दोन्हीकडं. मंगलबाई पथकातल्या सिस्टर. डास काही बाराही महिने सोडत नाहीत, त्यामुळं बाईंचे किस्से साठतच जातात.

*

डास म्हटलं की आपल्याला पावसाळा आठवतो. पण निमोण्यात भर उन्हाळ्यात डेंग्यू निघाला. टँकर कधी येईल भरवसा नाही, म्हणून घरोघरी पिंपं भरून ठेवलेली, आणि त्यात अळ्या वळवळत होत्या.

"ओतून द्या," मी म्हणालो. एक आजी पिंपाला हात लावून उभी राहिली. "तुझ्या जीपमदी पाणी हाय का? मग वत."

बाईंनी वाद घातला नाही. आजीचं जुनं लुगडं मागून घेतलं, पाणी गाळून हंडे-घागरी भरल्या आणि रिकामं पिंप काथ्यानं आतून खसाखसा घासलं. "अंडी कडेला चिकटून असतात, आजी. पाणी लागलं की फुटतात." मग पाणी परत भरून वर फडकं बांधलं. संध्याकाळी गल्लीभर लुगडी वाळत होती.

*

सणसवाडीत पाऊस उघडला की आमची पळापळ सुरू. भाड्याच्या खोल्या, पत्र्यांवर टायर, टायरांत पाणी. कंपनीतली पोरं तापानं फणफणलेली. मालक आप्पा म्हणाले, "टायर काढलं तर पत्रं उडत्याल."

बाईंनी एका भाडेकरूला विचारलं, "भैया, ड्रिल मशीन है क्या?" शिडी लावून वर चढल्या आणि एकेका टायरला खालून भोक पाडलं.

"टायर पंक्चर करणारी सिस्टर पहिल्यांदाच बघितली," आप्पा म्हणाले.

"आता हवा भरू नका म्हंजी झालं."

*

एका विहिरीत आम्ही गप्पी मासे सोडत होतो. एका मामांनी विचारलं, "खायाजोगं कवा व्हत्याल?"

"मामा, हे अळ्या खाऊन वाढतात," बाई म्हणाल्या. मामांनी विहिरीकडं पाठ फिरवली.

*

पाटसचा किस्सा मात्र थंडीतला. ऊसतोड जोरात होती. थंडीनं डास कमी झाले होते, पण पाटाच्या कडेला पाणी साचलेलं, आणि मजुरांच्या पाचटाच्या झोपड्या, कोप्या, नेमक्या तिथंच. सकाळी फडात गेलो तर रुक्मिण नावाची गरोदर बाई हुडहुडी भरून मोळ्यांवर पडलेली. बाईंनी तिथंच रक्त तपासलं. मलेरिया.

"हिला आत्ता दवाखान्यात न्यायचं. नवऱ्यालाही घ्या. पोटातल्या पोराला धोका आहे."

मुकादम आडवा आला. "जोडी गेल्यावर ट्रक कोण भरनार? बाईला न्या. गडी न्हाई सोडायचा."

नवरा खाली मान घालून उभा. मंगलबाईंनी पदर खोचला आणि रुक्मिणीचा कोयता उचलला. "त्याला सोडा. मी तोडते." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तू निघ."

दवाखान्यात औषध सुरू झालं. बाळाचे ठोके नीट आहेत म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा कुठं नवऱ्यानं डोक्याचं फडकं सोडून तोंड पुसलं.

मी दुपारी फडावर परत आलो. ट्रक भरत आला होता. हातावर पाचटाचे ओरखडे उठलेल्या मंगलबाई मोळी बांधत होत्या. मुकादम पाण्याचा तांब्या घेऊन बाजूला उभा होता.

"बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "असा बुडापासनं कोयता मारायला कुठं शिकला तुम्ही?"

बाईंनी तांब्या घेतला. "आईजवळ. ह्याच शिवारात."